पाणी नितळ आहे, पण निर्धोक आहे का?

पाहुणा दारात आला की आधी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. पाणी देताना घरधनीण आवर्जून सांगते, "आमच्या गावचं पाणी गोड आहे हो." पाहुणाही दोन घोट घेतो आणि मान डोलावतो. झाली पाण्याची परीक्षा! डोळ्यांना नितळ दिसले, नाकाला वास आला नाही, जिभेला गोड लागले आणि डाळ लवकर शिजली, की पाणी उत्तम. या चार कसोट्यांवर आपल्या कितीतरी पिढ्या निभावल्या. त्या कसोट्या खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. त्या ज्या नदीसाठी होत्या ती नदी आता राहिलेली नाही, एवढेच मला सांगायचे आहे. आणि त्यासाठी तुम्हांला मी इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला घेऊन जाणार आहे.

पुण्याहून सोलापूरकडे निघालात की भिगवण मागे टाकल्यावर हे गाव लागते. डाव्या हाताला क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी दिसते, ते उजनी धरणाचे, म्हणजे यशवंतसागराचे. जुने पळसदेव त्या पाण्याच्या पोटात आहे. १९८० च्या सुमारास धरण पुरे झाले, भीमेचे पाणी मागे चढत आले आणि गाव उठून वर, रस्त्याच्या बाजूला येऊन वसले. एखाद्या उन्हाळ्यात धरण फारच खाली गेले, की जुन्या गावातले पळसनाथाचे हेमाडपंती देऊळ पाण्यातून बाहेर येते. मग लोक होडीत बसून, नाहीतर भेगाळलेल्या गाळातून चालत जाऊन, दर्शन घेऊन येतात.

धरण होण्यापूर्वी भीमाकाठच्या बायाबापड्या पाणी कसे भरीत, हे घरातल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. नदीच्या वाहत्या धारेत घागर बुडवून ते पाणी प्यायला आणायचे नाही. पात्राच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणत. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायचे, थोडे थांबायचे, मग तळातून पाझरून आलेले नितळ पाणी वाटीवाटीने घागरीत भरायचे. आजीने जंतुशास्त्र वाचलेले नव्हते. पण वाळूतून पाझरलेले पाणी बाधत नाही, हे तिला ठाऊक होते. आता ती वाळू खोल पाण्याखाली आहे. झिरा खणायचा कुठे?

आणि नुसती वाळूच गेली असे नाही, पाणीही बदलले. उजनीत येणारे पाणी कोठून येते ते नकाशात एकदा बोट फिरवून पाहा. मुठा येते पुण्यातून. पवना येते पिंपरी-चिंचवडमधून. मुळा-मुठा एक होऊन भीमेला मिळतात. इंद्रायणी देहू-आळंदीवरून येऊन तुळापूरला भीमेत उतरते. म्हणजे दोन मोठ्या शहरांची मोरी, आणि वाटेवरच्या कारखान्यांचे व गावांचे पाणी, सारे उताराने एकाच भांड्यात येते. शहरांनी सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारली आहेत, हे खरे. पण सगळे सांडपाणी त्यांतून जात नाही, हेही तितकेच खरे. भांडे मात्र प्रचंड! सुमारे ११७ टीएमसी पाणी त्यात मावते, आणि त्यातले ६३ टीएमसीच्या वर अचल साठ्यात मोडते, म्हणजे कालव्याला सुटत नाही. उन्हाळ्यात पाणी त्या रेषेच्या खाली गेले, की आपल्याकडे म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेली." घरी पातेल्यात आमटी आटू लागली की खारट होते, तसेच इथे होते. पाणी आटते, त्यातली घाण आटत नाही.

कुणी म्हणेल, "अहो, भिगवणला एवढे रोहित पक्षी उतरतात, पाणी वाईट असते तर आले असते का?" जरूर आले असते. रोहित येतो तो उथळ चिखलातले बारीक जीव आणि शेवाळ खायला, आणि खताळलेल्या पाण्यात त्यांची चंगळ असते. चिलापी माशाचेही तसेच; घाण पाण्यात जिथे दुसरे मासे तग धरीत नाहीत तिथे चिलापी फोफावते. पाखराने आणि माशाने दिलेले प्रशस्तिपत्र माणसाच्या पोटाला लागू पडत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पाण्यात माणसाला बाधणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या. एक जिवंत, दुसरी विरघळलेली. जिवंत म्हणजे पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू. हे जवळजवळ सगळे माणसाच्या शौचातून पाण्यात येतात आणि पाण्यातून दुसऱ्या माणसाच्या पोटात जातात. एक ग्रॅम शौचात कोट्यवधी जंतू असतात. मोहरीच्या दाण्याएवढी घाण तुमच्या वीस लिटरच्या हंड्यात पडली, तर रंग बदलणार नाही, वास येणार नाही, चव बदलणार नाही. पण भरलेल्या प्रत्येक पेल्यात हजारांवर जंतू उतरतील. डोळा, नाक आणि जीभ इथे पार निरुपयोगी आहेत. विरघळलेल्या गोष्टींची तऱ्हा वेगळी. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड वगैरे. त्यांची बाधा एका दिवसात होत नाही, हळूहळू होते. त्यातले काही जिभेला कळतात, काही अजिबात कळत नाहीत.

हा भेद नीट लक्षात ठेवा, कारण पाण्याच्या बाबतीत घरोघरी जो घोटाळा होतो तो इथेच. एका जातीचा उपाय दुसरीला चालत नाही, आणि एका जातीची परीक्षा दुसरीचे काही सांगत नाही.

मोठ्या शहराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी काय करावे, याचा धडा जगाला १८९२ साली जर्मनीत मिळाला. एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग हे मोठे बंदर आणि त्याला अगदी चिकटून आल्टोना नावाचे दुसरे गाव. इतके चिकटून की काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू एका गावात, दुसरी दुसऱ्यात. हॅम्बुर्ग नदीचे पाणी शहराच्या वरच्या अंगाने उचलून न गाळताच नळाला सोडी. आल्टोना बिचारे खालच्या अंगाला; हॅम्बुर्गची सारी घाण मिसळलेलेच पाणी त्याच्या वाट्याला येई. त्या वर्षी पटकीची साथ आली. कोण मेले असेल? हॅम्बुर्गात आठ हजारांवर माणसे गेली, आणि आल्टोना जवळजवळ बचावले. साथ गावाच्या शिवेवर येऊन थबकली. पटकीचा जंतू शोधून काढणारे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी याचे कारण दाखवून दिले: आल्टोना आपले पाणी वाळूच्या मोठमोठ्या थरांतून सावकाश गाळून मग पीत होते. वर राहणाऱ्यांनी नदीवर विश्वास ठेवला, खाली राहणाऱ्यांना तो ठेवणे परवडत नव्हते.

म्हणजे आल्टोनाने केले ते आपल्या आजीच्या झिऱ्याचेच काम, फक्त मोठ्या प्रमाणावर. सावकाश झिरपणाऱ्या वाळूच्या माथ्यावर काही दिवसांत एक चिकट थर धरतो. तो थर सूक्ष्म जीवांचा असतो, आणि तोच रोगजंतूंना अडवतो, खातो. वाळूपेक्षा त्या थराचे महत्त्व अधिक. म्हणून अशी गाळणी वारंवार खरवडून स्वच्छ करणारा उत्साही माणूस तिचे नुकसानच करीत असतो.

आपण मात्र आपल्या स्वयंपाकघरातून सुरुवात करू.

पावसाळ्यात गढूळ पाणी आले की तुरटी फिरवतात. तुरटी पाण्यात विरघळली की तिचे कापसासारखे पुंजके होतात, ते गाळाच्या कणांना कवटाळतात आणि जड होऊन तळाला बसतात. निवळीच्या बिया भांड्यात घासून टाकण्याची चाल याहून जुनी. वैद्यांच्या ग्रंथांतही तिचा उल्लेख आहे, आणि 'पाणी निवळले' हा आपला शब्द उच्चारताना त्या झाडाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शेवग्याच्या वाळल्या बियांची पूडही हेच काम करते. पण लक्षात घ्या, हे सगळे गाळाला खाली बसवतात. गाळाबरोबर काही जंतू खाली जातात, बाकीचे वरच्या नितळ पाण्यात मजेत असतात. तुरटी फिरवलेले पाणी निवळले, शुद्ध झाले नाही. तरीही तुरटी हवी, कारण पुढचा कोणताही उपाय गढूळ पाण्यात धड चालत नाही.

गाळण्याचे तसेच. हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी भरण्याची सवय चेष्टेवारी नेऊ नका. नारूचा रोग तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पायातून हातभर लांब दोरा निघायचा! पायऱ्यांच्या विहिरीत रोगी पाय बुडवी, तिथे नारूची पिल्ले पाण्यातल्या एका बारीक कवचीच्या जीवात शिरत, आणि तो जीव पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जाई. हा जीव दुहेरी फडक्यात अडकतो. पाणी गाळून प्या आणि विहिरीत उतरू नका, एवढ्या दोन गोष्टींवर मुख्यतः ही लढाई जिंकली गेली. नारूचा देशातला शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. ना लस होती, ना औषध. बांगलादेशातही एक प्रयोग झाला. जुन्या साडीची निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळायला खेडुतांना शिकवले, तर पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यावर आले. तो अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. साडी जुनीच हवी बरे का, धुऊन धुऊन तिचे धागे फुगतात आणि भोके बारीक होतात. पण मोकळा सुटा जंतू कोणत्याही साडीतून आरपार जातो. निम्मे रोगी उरले ते त्यामुळेच.

जंतू मारायचे तर उकळणे हा राजमार्ग. पाणी कोमट करून उतरवणे म्हणजे उकळणे नव्हे. खळखळून उकळी फुटली पाहिजे, ती मिनिटभर राहिली पाहिजे, आणि पाणी त्याच भांड्यात झाकून निवले पाहिजे. गॅस महाग पडतो हे मला कळते. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्या तालुक्यात एक गोष्ट फुकट आणि मुबलक आहे, ती म्हणजे ऊन. पारदर्शक, रंग नसलेली, लिटर-दोन लिटरची प्लास्टिकची बाटली स्वच्छ धुवा, निवळलेले पाणी भरा आणि पत्र्यावर आडवी टाका. कडक उन्हात सहा तास. आभाळ आलेले असेल तर दोन दिवस. उन्हातले अतिनील किरण जंतूंचा निकाल लावतात. गढूळ पाण्यात मात्र किरण शिरतच नाहीत. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हेही प्रयोगांत दिसले आहे. पण साथीच्या दिवसांत केवळ त्या भरवशावर राहणे मला धाडसाचे वाटते.

उकळण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात जलाशयाच्या काठाला हिरवा, रंग सांडल्यासारखा थर येतो. ते एक प्रकारचे शेवाळ. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद त्याचे खत. या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात आणि ते विष उकळल्याने जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात अधिक मोकळे होते. असा थर दिसला तर तिथले पाणी उकळून प्यायच्या भानगडीत पडू नये, गुरांनाही पाजू नये. नायट्रेटचे तसेच. उसाला घातलेल्या युरियाचा काही वाटा पिकाला मिळतो, काही पाण्याबरोबर खाली झिरपत विहिरीला मिळतो. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ती ओलांडलेले पाणी बाटलीच्या दुधात घालून सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, मूल निळे पडू लागते. असे पाणी आईने काळजीपोटी उकळून उकळून दिले, तर पाणी आटून नायट्रेट दाटच होते. वाईट वाटते, पण शास्त्र असे आहे.

आता थोडे यंत्रांविषयी. गावोगावी आता आरओचे प्रकल्प आले आहेत, घरोघर निळे जार पोचतात. सोबत खिशात मावणारे एक मीटर आले आहे. विक्रेता ते पेल्यात बुडवतो. तुमच्या हापशाच्या पाण्यात आकडा येतो ९००, त्याच्या पाण्यात ५०. "बघा साहेब, तुमच्या पाण्यात किती घाण!" हा आकडा घाणीचा नव्हे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज किती वाहते, त्यावरून काढलेला तो अंदाज आहे. ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा झराच नसेल तर २००० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. ९०० चे पाणी जडसर लागेल, साबणाला फेस येणार नाही, डाळ उशिरा शिजेल. पण त्याने पटकी होत नाही. उलट त्या ५० च्या पाण्यात मघाची मोहरीएवढी घाण पडली, तर मीटरचा काटा हलणारसुद्धा नाही. जार न धुता पुन्हा भरला असेल, त्यात क्लोरीन नसेल, तर ते गोड पाणी खाऱ्या पाण्याहून धोक्याचे. खारे पाणी असलेल्या गावांना आरओचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. मीटर दाखवून कुणी पाणी निर्धोक ठरवू लागला, तर तेवढे ऐकू नका.

गावच्या सबंध पाण्याला पुरून उरणारा उपाय एकच, आणि तोच लोकांना सर्वांत नावडता आहे: क्लोरीन. खेड्यात त्याचे नाव टीसीएल पावडर. "टाकीत पावडर टाकली की पाण्याला वास मारतो," ही तक्रार घेऊन लोक जलसुरक्षकाच्या घरी जातात, आणि तो बिचारा शिव्या चुकवण्यासाठी हात आखडता घेतो. वाचकहो, तो मंद वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. उकळलेले पाणी, उन्हातले पाणी, आरओचे पाणी, सगळे त्या क्षणी शुद्ध. पुढे घाण हात लागला की पुन्हा दूषित. क्लोरीनचा थोडा अंश पाण्यात शिल्लक राहतो आणि वाटेत शिरलेल्या जंतूंचा समाचार घेतो. फुटक्या पाइपातून गटाराचे पाणी आत ओढले गेले, तरी काही काळ तो झुंजतो. तो नसेल तर काय होऊ शकते याची धास्ती शहरालाही चुकलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, काही रोग्यांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जातीचे जंतू सापडले, आणि सर्वांची नजर पाण्याकडे वळली.

विहिरीत पावडर किती टाकावी? 'ओंजळभर' हे माप नव्हे. समजा, विहीर ५ मीटर रुंद आहे आणि आत ४ मीटर पाणी आहे. रुंदीचा वर्ग करा, २५. त्याला पाण्याच्या खोलीने गुणा, १००. त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा, ७८.५. इतके घनमीटर, म्हणजे ७८,५०० लिटर पाणी झाले. नितळ पाण्याला हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. तेव्हा या विहिरीला दोनशे ग्रॅम. ही पावडर बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त एकदम घेऊ नये. थोड्या पाण्यात आधी लाडवाच्या पिठासारखी कालवावी, मग पाऊण बादली पाणी ओतून ढवळावे आणि दहा मिनिटे थांबावे. चुना खाली बसतो. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून तेच विहिरीत सोडावे; चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. बादली दोराने पाण्याखाली नेऊन वरखाली हिसके द्यावेत, म्हणजे औषध सगळीकडे पोचते. हे काम रात्री, शेवटचा हंडा भरून गेल्यावर करावे. क्लोरीनला निदान एक तास हवा.

घरच्या छोट्या विहिरीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, एक साधी युक्ती काढली आहे. एका मडक्यात दुसरे मडके. आतल्या मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर करून भरायची, दोन्ही मडक्यांना ठरावीक जागी भोक ठेवायचे, बाहेरच्याचे तोंड बांधायचे आणि पाण्याखाली मीटरभर टांगायचे. क्लोरीन थोडा थोडा पाझरत राहतो, दोनतीन आठवडे काम भागते.

पावडरीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ताज्या पावडरीत तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. कचेरीच्या कोपऱ्यात तोंड उघडे पडलेली, पावसाळाभर ओल खाल्लेली गोणी असेल, तर तिच्यात उरतो तो नुसता चुना. नोंदवहीत रोज 'पावडर टाकली' असे खरे खरे लिहिलेले असते, आणि गावात मात्र हगवण चालू असते! म्हणून पावडर टाकली का हा प्रश्नच अपुरा आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन पोचला का, हे विचारा.

ते विचारण्याची रीत फार सोपी आहे. ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी. छोट्या काचनळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, औषधाचे सांगितलेले थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग लगेच, काही सेकंदांत, शेजारच्या पट्टीशी ताडून पाहायचा. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा; साथीच्या दिवसांत ०.५. रंग आला नाही तर त्या पाण्याला राखण नाही. हे औषध विषारी आहे, तेव्हा तपासलेले पाणी मोरीत ओता, आणि बाटली मुलांच्या हाती देऊ नका. चाचणी कुठे करायची याला महत्त्व आहे. टाकीखालच्या नळावर रंग नेहमीच झकास येतो. वस्तीच्या अगदी टोकाच्या घरी जा.

क्लोरीन आहे म्हणजे बहुतेक जंतू नाहीत, असा हा उलटा पुरावा झाला. जंतू आहेत का, हे थेट पाहायचे तर प्रयोगशाळेत नमुना धाडावा लागतो. तिथे पटकीचा जंतू, विषमज्वराचा जंतू असा एकेक शोधत बसत नाहीत. तो दर वेळी सापडेलच असे नाही. ते शोधतात ई. कोलाय नावाचा जंतू, जो निरोगी माणसाच्या आतड्यातही अब्जावधींनी असतो. चोर दिसला नाही तरी कुंपणापाशी त्याची पावले उमटलेली दिसतात ना, तसे. ई. कोलाय सापडला म्हणजे पाण्यात ताजी शौचाची घाण आली आहे, आणि जिथे ती आली तिथे रोगजंतूही येऊ शकतात. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये. नमुन्यासाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच घ्यावी, झाकणाच्या आत बोट लावू नये, नळ दोन मिनिटे वाहू द्यावा, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. बारा तास मोटारसायकलच्या डिकीत तापलेला नमुना काहीही सांगू शकतो.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, विहिरी, हापसे आणि टाक्या यांच्या आसपासची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्डही मिळते: धोका जास्त तर लाल, मध्यम तर पिवळे, कमी तर हिरवे. आपल्या गावाचे कोणते, हे ग्रामसभेत विचारायला लाजू नका. हापशाचा ओटा फुटला आहे, डबके साचले आहे, पंधरा मीटरच्या आत शौचखड्डा आहे, या गोष्टी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे ठरले. त्यांच्या पेटीत क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन यांच्या चाचण्या असतात, आणि असते एक लहानशी बाटली, जिची मला सर्वांत अपूर्वाई वाटते. ही ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेल्या चाचणीवर आधारलेली असून तिचा शोधनिबंध १९८२ साली आला. आत औषधाने भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचे, टोपण लावायचे आणि घरातल्या उबेच्या जागी ठेवून द्यायचे. आतड्यातल्या घाणीबरोबर येणारे काही जंतू वाढताना गंधकाचा एक वायू सोडतात, तो लोखंडाशी मिळून काळा होतो. एक ते दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर ते पिण्याजोगे नाही. सांगायला ना डॉक्टर लागतो, ना भिंग. आपल्या डोळ्यांची जुनी परीक्षाच ती, फक्त डोळ्यांना दिसेल असे काहीतरी पाण्याकडून करवून घेतले आहे. विहिरीच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर बाटली उगाच काळी पडते, तेवढे ध्यानात ठेवावे.

अशा दोन बाटल्या मिळाल्या तर एक नळाखाली भरा आणि दुसरी घरातल्या हंड्यातून. पुष्कळदा नळाची बाटली तशीच राहते आणि हंड्याची काळी पडते. तेव्हा ग्रामपंचायतीकडे धाव घेण्याआधी हंड्यात पेला कोण बुडवते ते पाहावे लागते. बोटांनी धरलेला पेला, नखांतली माती, धुळीने भरलेले झाकण. लांब दांड्याचे ओगराळे चारपाच दशकांपूर्वी घरोघर असे. आता शोधायला भांड्यांच्या दुकानात दोनदा विचारावे लागते, पण मिळते. तोटीचा पिंप असेल तर आणखी बरे. काळी पडलेली बाटली मात्र तशीच उकिरड्यावर फेकू नका. तिच्यात जंतूंचे पीक आले आहे. ब्लीचिंगचे पाणी भरून ती अर्धा तास ठेवावी, मग ओतून द्यावी, आणि हात साबणाने धुवावेत.